शोभेची शस्त्रक्रिया : थोडा इतिहास, थोडा हिशेब



आपल्या स्मरणिकेत मी आजवर दोनदा लिहिले. एकदा हुरड्याच्या थालीपिठांवर व एकदा मंडळाच्या भिशीवर. यंदाचा विषय जरा नाजूक आहे. चारचौघांत ज्याचे नावही आपण घेत नाही, त्या स्तनांच्या शस्त्रक्रियेविषयी लिहावयाचे आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तेव्हा डॉक्टरकीच्या गोष्टी मी सांगणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास. परंतु प्रश्न आमच्याच घरात उभा राहिला, म्हणून मुलीला शेजारी बसवून जे वाचले व समजून घेतले, तेवढेच येथे मांडते.

गेल्या दिवाळीत माझी भाची पुण्याहून माढ्यास आली होती. वय चोवीस, चांगली नोकरी आहे. स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता हळूच म्हणाली, "मावशी, आईला सांगू नकोस. मी छातीचं ऑपरेशन करून घेणार आहे. आकार वाढवायचं."

मी आधी हसले, मग रागावले. "देवानं हातपाय धड दिलेत, आणखी काय हवंय तुला?" असे बोलून गेले. पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. शाळेपासून मैत्रिणी तिला चिडवीत, ती लग्नकार्यात अंगभर ओढणी घेऊन कोपऱ्यात उभी राही, हे तिने त्या दिवशी प्रथम सांगितले. एका दवाखान्यात ती चौकशीही करून आली होती. तेथे तिला सांगितले, "काही धोका नाही, चार दिवसांत कामावर जाल."

थोरल्या जाऊबाई तेथेच मेथी निवडीत बसल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांचा एक स्तन काढावा लागला. त्या मान वर न करता म्हणाल्या, "हसू नकोस तिला. मीसुद्धा पोलक्यात कापडाची घडी घालते. का घालते, ते तू कधी विचारलंस का?"

मला उत्तर सुचले नाही. त्या रात्रीपासून मी वाचावयास लागले.

अंगाचा गेलेला भाग पुन्हा घडविण्याची विद्या आपल्या देशाला नवी नाही. सुश्रुताच्या ग्रंथात कापलेले नाक नवे करण्याची रीत दिलेली आहे. आपल्या पुण्याचीच गोष्ट पाहा. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक बैल हाकणारा होता. 1792 च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. ती हकीकत चित्रासह 1794 साली लंडनच्या एका मासिकात छापून आली. ती वाचून तेथील कार्प्यू नावाच्या डॉक्टरांनी सराव केला व 1814 साली तशीच शस्त्रक्रिया केली.

स्तनांच्या बाबतीतही आरंभ उणे भरून काढण्यापासूनच झाला. जर्मनीत 1895 साली चेर्नी नावाच्या डॉक्टरांनी एका गायिकेच्या स्तनातील गाठ काढली आणि तिच्याच अंगावरची चरबीची गाठ त्या जागी बसविली.

परंतु पुढे हौसेचा बाजार सुरू झाला. प्रथम मेणासारखे पॅराफिन सुईने टोचीत. ते अंगात सरके, गाठी होत, जखमा वाहत. पुष्कळ बायकांची शरीरे नासल्यावर ते बंद पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर पातळ सिलिकॉन टोचण्याची टूम निघाली. तिचीही तीच गत झाली.

1962 साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे सिलिकॉनने भरलेल्या पिशव्या प्रथम एका स्त्रीच्या छातीत बसविल्या. ती सहा मुलांची आई. ती गेली होती छातीवरचे गोंदण काढावयास! तिला खरे तर आपले पुढे आलेले कान नीट करून हवे होते. डॉक्टरांनी दोन्ही कामे केली. हे वाचून मी किती तरी वेळ थांबले. ज्या बाईपासून ह्या पिशव्यांचा इतिहास सुरू झाला, तिने त्या मागितल्याच नव्हत्या.

मग तीस वर्षे त्या विकल्या गेल्या आणि 1992 साली अमेरिकन सरकारने अटकाव केला, कारण त्या निर्धोक आहेत याचा पुरेसा पुरावा कंपन्यांनी दिला नव्हता. न्यायाने सांगावयाचे तर 1999 साली तेथील तज्ज्ञांच्या समितीने तपासून म्हटले, की ह्या पिशव्यांमुळे सर्व अंगाचे मोठे आजार होतात असे दिसत नाही. मात्र पिशवी फुटणे, भोवतीची जागा आवळून दगडासारखी होणे व पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे, हे त्रास खरे आहेत. 2006 साली त्यांना पुन्हा परवानगी मिळाली.

एवढ्यावर भागले नाही. 2010 साली फ्रान्समधील पीआयपी ह्या कंपनीची लबाडी उघडकीस आली. औषधी सिलिकॉनऐवजी कारखान्यात वापरण्याचे स्वस्त सिलिकॉन तिने पिशव्यांत भरले होते. जगभरच्या लाखो बायकांच्या अंगात त्या गेल्या होत्या. कंपनीच्या मालकाला 2013 साली चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे खरखरीत पृष्ठभागाच्या पिशव्यांभोवती एक निराळाच कॅन्सर होऊ शकतो असे दिसून आले. प्रमाण फार थोडे, पण 2019 साली एका मोठ्या कंपनीने तसला माल जगभरातून परत घेतला. 2021 पासून अमेरिकेत ह्या पिशव्यांवर ठळक इशारा असतो, की ही जन्मभर टिकणारी वस्तू नव्हे.

म्हणजे आधी वस्तू आली, तिचे दुखणे बायकांनी भोगले आणि इशारा शेवटी आला. इतिहासातून मी एवढेच शिकले, की "काही धोका नाही" हे वाक्य प्रत्येक वेळी बोलले गेले होते.

आता हिशेब. ज्याचे नाक कापले गेले, त्याने जोखीम पत्करली तर तिच्या मोबदल्यात गेलेले काही परत मिळते. जाऊबाईंचा हिशेब तसा आहे. स्तनांच्या भाराने ज्यांची पाठ व मान सतत दुखते, त्यांचा आकार कमी करण्याचाही तसाच. परंतु निरोगी अंगावर सुरी चालवावयाची असेल तर काटा अधिक बारीक हवा. तिला पुढे मूल होईल. दूध कमी पडू शकते. स्पर्शाची जाणीव जाऊ शकते. पाच-सहा वर्षांनी व नंतर दर दोन-तीन वर्षांनी तपासणीचा खर्च आहे. पिशवीच्या आडोशाने स्तनाच्या एक्स-रे चित्रात गाठ झाकू शकते. आपल्या शेजारच्या बार्शी भागात तर 1987 पासून खेडोपाडी कॅन्सरची नोंद ठेवली जाते, अशी ग्रामीण नोंद देशात प्रथम तेथेच सुरू झाली. गाठ लवकर सापडणे म्हणजे काय, हे आमच्या घराला ठाऊक आहे.

आणि आपला हक्कही ठाऊक असावा. एका स्त्रीचे गर्भाशय तिच्या संमतीवाचून काढले गेले होते. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली सांगितले, की डॉक्टरांनी उपचाराचे फायदे, धोके व दुसरे उपाय समजावून मगच संमती घ्यावी. नुसती सही पुरेशी नाही.

मी भाचीला "करू नकोस" म्हटले नाही. अंग तिचे आहे. एका कागदावर प्रश्न लिहून दिले : पिशवी कोणत्या कंपनीची, पृष्ठभाग कसा, किती वर्षांनी बदलावी लागेल, तेव्हा खर्च कोणाचा, दूध पाजता येईल का, बिघडले तर कोठे यावयाचे? ती तो कागद घेऊन गेली. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली. बाकीचे "नंतर पाहू" म्हणून टाळले. तिने तारीख पुढे ढकलली आहे. दुसऱ्या डॉक्टरांचेही मत ती घेणार आहे. सारे समजून उमजून तिने होकार दिला, तर इस्पितळात तिच्या उशाशी मी बसेन, हे मी तिला सांगून ठेवले आहे. आईलाही तिने आता सांगितले आहे.

जाऊबाईंनीही परवा तपासणीच्या वेळी डॉक्टरांना प्रथमच विचारले. पोटाचे किंवा पाठीचे स्वतःचेच मांस घेऊन स्तन घडविता येतो, असे ते म्हणाले. वय बावन्न. त्या अजून विचार करीत आहेत. आमच्या घरात आता त्यावर कोणी हसत नाही.