नांगर, तगाई आणि सात एकर

मार्च महिन्यातल्या एका रविवारी सकाळी गावाहून पुतण्याचा फोन आला. पाऊसपाणी, वहिनींचे गुडघे, द्राक्षाचा भाव अशी नेहमीची चौकशी झाली आणि मग तो जरा चाचरत म्हणाला, "काका, ट्रॅक्टर घ्यायचा म्हणतोय. छोटाच. सरकारचं सव्वा लाखापर्यंत अनुदान आहे. बाकीच्यात तुमचा थोडा हातभार लागला तर बरं होईल."

मी एकतीस वर्षे इलिनॉयमध्ये शेतीची यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी केली. त्यामुळे मनातला इंजिनिअर आधी बोलला. "अरे, साडेतीन एकरांत ट्रॅक्टर? वर्षाला दीडशे तास तरी चालेल का तो? हिशेब मांडलास का?" पलीकडे तो गप्प झाला. फोन ठेवल्यावर मलाच अवघडल्यासारखे झाले. आमच्या आजोबांच्या नावावर तासगाव तालुक्यात एकवीस एकर होती. तीन मुलांत वाटणी होऊन वडिलांकडे सात आली. मी इकडे स्थायिक झाल्यावर हक्कसोडपत्रावर सही केली, म्हणून दोघा भावांना साडेतीन-साडेतीन तरी मिळाली. म्हणजे हिशेब त्याच्या आधी मीच मांडायला हवा होता.

निवृत्त माणसाला वेळ असतो. त्या फोननंतर लहान शेतकरी, यंत्र आणि सरकार या तिघांची जुनी गोष्ट मी मिळेल तिथून वाचत गेलो. त्यातले थोडे आपल्या मंडळाच्या वाचकांसाठी लिहितो आहे.

सुरुवात आमच्या शेजारपासूनच करतो. मोलीनहून तास-दीड तासाच्या अंतरावर रॉक नदीच्या वळणावर ग्रँड डेटूर नावाचे एक टुमदार खेडे आहे. मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे नेले नाही असे आमच्या भागातले मराठी कुटुंब विरळाच! १८३६ मध्ये व्हरमाँटहून जॉन डीअर नावाचा लोहार या खेड्यात आला. इथली काळी, चिकट माती पूर्वेकडच्या बिडाच्या नांगरांना चिकटून बसे आणि शेतकऱ्याला दर काही पावलांवर थांबून फाळ खरवडावा लागे. १८३७ मध्ये डीअरने करवतीच्या मोडक्या पात्याच्या पोलादापासून असा गुळगुळीत नांगर घडवला की माती आपसूक घसरून जाई. पुढे १८४८ मध्ये त्याने मोलीनला बस्तान हलवले, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांचा या गावाशी संबंध जुळण्याचे मूळ कारण तेच.

आता दख्खनकडे वळू. आपल्याकडे गावचा सुतार बाभळीचा नांगर करी आणि त्याबद्दल बलुते घेई. हा नांगर जमीन उकरी, पण उलथीत नसे. त्यामुळे काळ्या रानात हरळी आणि कुंदा माजे. हरळीच्या मुळ्या खोल जातात आणि तुटलेल्या प्रत्येक तुकड्याला नवा कोंब फुटतो. ज्यांनी लहानपणी हरळी वेचली आहे त्यांना हे सांगायला नको. हरळीने धरलेले रान नुसते पडून राही. लोखंडी नांगराने ते खोल उलथता येत असे, पण इंग्लंडहून येणारे रॅन्सम कंपनीचे नांगर सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

बेळगावात सायकलीचे दुकान चालवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तसा नांगर देशी बनवावयास घेतला. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली! लोखंडाने जमिनीला विष चढते असा समज होता. आज आपण हसतो, पण ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर आहे तो दुसऱ्याच्या लोखंडावर सहजासहजी विश्वास कसा ठेवील? मला तर त्या शेतकऱ्यांचे फारसे चुकले असे वाटत नाही.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवण्यासाठी कारखान्याची जागा हवी झाली आणि लक्ष्मणराव उघड्यावर आले. अशा वेळी औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (हो, सूर्यनमस्कारवाले तेच!) पुढे झाले. कुंडल रोड स्टेशनजवळचा बत्तीस एकरांचा ओसाड, निवडुंग आणि सापांनी भरलेला माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज त्यांनी दिले. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे स्टेशनलाही तेच नाव मिळाले. पहिल्या महायुद्धात विलायती नांगर येईनासे झाले तेव्हा या माळावरच्या नांगरांची मागणी वाढली. नांगरांची माहिती लोकांपर्यंत जावी म्हणून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि त्याच घरातून पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर' आली. आपल्या आया-आज्यांनी दुपारच्या वेळी वाचलेली ती मासिके एका अर्थी नांगराची भावंडे म्हणायची.

मला या हकिकतीत एक गोष्ट महत्त्वाची वाटते. औंधच्या राजाने नांगर विकत घेऊन वाटले नाहीत. नांगर करणाऱ्याला जागा आणि भांडवल दिले. नांगर घ्यायचा की नाही हे शेतकऱ्यावरच सोडले.

ब्रिटिश सरकारची पद्धत निराळी होती. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनी सावकारीचा प्रश्न ऐरणीवर आला होता. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून त्यात सरकारने काय करावे हेही सांगितले होते. त्याच १८८३ मध्ये जमीनसुधारणा कर्जाचा आणि १८८४ मध्ये शेतकरी कर्जाचा कायदा झाला. पहिला विहिरी, बांध वगैरेंसाठी आणि दुसरा बी-बियाणे, बैल अशा गरजांसाठी. तगाई हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला तो यातून.

पण यंत्राला जमीन किती लागते आणि ती शेतकऱ्याकडे किती उरली आहे, हे कोणी नीट मोजले असेल तर ते हॅरॉल्ड मान यांनी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हे प्राचार्य पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावात गेले, घरोघरची माहिती घेतली आणि १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. या गावात १७७१ साली सरासरी खातेदाराकडे चाळीस एकर होती, १८१८ साली साडेसतरा आणि १९१५ च्या सुमारास सात. शंभरातल्या एक्याऐंशी खात्यांना दहा एकरही नव्हती. (आज पिंपळे सौदागरला जाऊन पाहा. आपल्यातल्या कित्येकांनी तिथल्या उंच इमारतींत फ्लॅट घेऊन ठेवले आहेत.) लोखंडी नांगर ओढायला दोन बैल पुरत नसत, चार-सहा लागत. सात एकरवाल्याच्या दावणीला जेमतेम एक जोडी. मग पैरा करायचा, नाहीतर इर्जिक घालायची. आज माझ्या रानात सगळ्यांची बैले, उद्या तुझ्या रानात आणि रात्री जेवण. म्हणजे यंत्र आले ते माणसे एकत्र आली म्हणून चालले.

अमेरिकेत १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला १६० एकर जमीन दिली (ती आधी कोणाची होती हा प्रश्न वेगळा, आणि मोठा आहे). त्याच वर्षी मॉरिल कायद्याने कृषी महाविद्यालयांची सोय केली, १८८७ मध्ये प्रयोगकेंद्रांची आणि १९१४ मध्ये गावोगाव सल्ला देणाऱ्यांची. ट्रॅक्टर आला तेव्हा जमीन आणि ज्ञान दोन्ही तयार होते. नेब्रास्कातली गोष्ट तर मला फार आवडते. तिथल्या विल्मॉट क्रोझियर नावाच्या शेतकरी आमदाराने 'फोर्ड' नावाचा एक ट्रॅक्टर घेतला. त्याचा हेन्री फोर्डशी काहीएक संबंध नव्हता आणि तो धड चालतही नव्हता. संतापलेल्या क्रोझियरने १९१९ मध्ये कायदाच करून घेतला की नेब्रास्कात विकायच्या ट्रॅक्टरची विद्यापीठाने आधी चाचणी घेतली पाहिजे. सरकारने पैसा वाटला नाही, शेतकऱ्याची फसवणूक थांबवली. आपल्याकडे मध्य प्रदेशात बुधनी येथे १९५५ मध्ये ट्रॅक्टरचे केंद्र निघाले आणि पुढे तिथे चाचण्याही होऊ लागल्या. वर्तमानपत्रांत अनुदानाच्या बातम्या येतात, बुधनीची कधी येत नाही. पण माझ्या मते ते काम अनुदानाइतकेच मोलाचे आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास अमेरिकन ट्रॅक्टर भारतात मोठ्या संख्येने उतरले ते लहान शेतकऱ्यासाठी नव्हेच. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेली यंत्रे घेऊन मध्य भारतातली कांस गवताने व्यापलेली जमीन मोकळी करण्याचे काम केंद्र सरकारने हाती घेतले. १९४९ मध्ये जागतिक बँकेने त्यासाठी एक कोटी डॉलरचे कर्जही दिले. आमच्या आजोबांच्या हरळीला मात्र बैल आणि कुदळच होती.

आमच्या घरी यंत्र आले ते इंजिनाच्या रूपाने. सातारारोडच्या कूपर कारखान्याने १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने काढली आणि १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. १९५८ साली वडिलांनी तगाई काढून विहिरीवर इंजिन बसवले. मोट सुटली. त्या दिवशी आईने इंजिनाला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता आणि त्याची टुक्-टुक् वस्तीपर्यंत ऐकू येत होती, एवढे मला आठवते. मोटेचे बैल पुढच्या बाजारी विकले. ऊस लावला, माझ्या शाळेची फी त्यातून गेली, आणि मी आज इथे बसून लिहितो आहे त्याची मुळे त्या तगाईपर्यंत जातात हे मी नाकारीत नाही.

पण १९७२ च्या दुष्काळात विहिरीने तळ दाखवला. इंजिन होते, डिझेल होते, पाणी नव्हते. वडिलांनी मध्यंतरी विहीर खोदायला दुसरे कर्ज काढले होते, त्याचा हप्ता मात्र चुकला नाही. ते कर्ज फिटल्यानंतरही सातबाऱ्यावरचा बोजा कमी व्हायला चार वर्षे लागली. तालुक्याच्या एका कचेरीत वडील पावत्यांची पिशवी घेऊन किती खेपा घालत होते! ती पिशवी आजही थोरल्या भावाच्या ट्रंकेत आहे.

तेव्हापासून जमीन लहान होत गेली. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा असूनही महाराष्ट्रातले सरासरी खाते १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले. २०१४-१५ पासून केंद्राचे कृषी यांत्रिकीकरणाचे उपअभियान सुरू झाले. अल्प आणि अत्यल्प भूधारकांना, महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना यंत्राच्या निम्म्या किमतीपर्यंत, ठरलेल्या मर्यादेत, मदत आणि गावात भाड्याने यंत्रे देणाऱ्या अवजारे बँकांनाही अनुदान. कागदावर अवजारे बँकेची कल्पना मला सर्वांत पटली. हीच तर आपली इर्जिक, असे म्हणून मी पुतण्याला उलट फोन केला आणि चांगले अर्धा तास व्याख्यान दिले.

त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "काका, नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर चालतो. दोन दिवस इकडे-तिकडे झाले तरी काय बिघडत नाही. फवारणीला नाही चालत." ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना पाऊस आला की डावणी येते. पाऊस उघडल्याबरोबर ब्लोअर फिरला तर घड वाचतात. पण त्याच दिवशी सगळ्या गावाला ब्लोअर हवा असतो. ट्रॅक्टरवाला आधी स्वतःची बाग करतो, मग भावकीची. "गेल्या साली आमचा नंबर तिसऱ्या दिवशी लागला. सव्वा एकरातले निम्मे घड गेले. तुम्ही दीडशे तास म्हणालात ना? त्यातले माझे दहाच तास महत्त्वाचे आहेत."

एकतीस वर्षांत मी यंत्राचे तास मोजले, अश्वशक्ती मोजली, एकरी डिझेल मोजले. हा हिशेब मला सुचला नव्हता.

अनुदानाची आणखी एक गंमत त्याच्याकडूनच कळली. आधी पूर्वसंमती घ्यायची, मग ट्रॅक्टरची पूर्ण रक्कम आपण भरायची आणि अनुदान नंतर खात्यावर जमा होते. पाच-सहा लाख आधी उभे करू शकतो त्यालाच पुढचा सव्वा लाख दिसतो. ज्याच्यासाठी योजना आहे त्याच्याकडे तेवढे असते तर तो थांबला कशाला असता?

शेवटी असे ठरले. पुतण्याने थोरल्या भावाच्या मुलालाही बरोबर घ्यायचे आणि साडेतीन-साडेतीन मिळून सात एकरांवर एक ट्रॅक्टर करायचा. अर्ज धाकट्याच्या नावावर, निम्मी रक्कम माझी, उरलेली दोघांची आणि सोसायटीची. माझी अट एकच होती, ती म्हणजे सगळे कागदावर लिहायचे. डिझेल कोणी भरायचे, दुरुस्ती कशी वाटायची, बाहेर भाड्याने गेला तर पैसे कोणाचे, हे सगळे त्यांनी लिहून फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवले. अक्षर वहिनींचे आहे. सातवे कलम मात्र अजून कोरे आहे. पाऊस उघडल्यावर ब्लोअर आधी कोणाच्या बागेत जाणार, यावर दोघांचे अद्याप जुळलेले नाही.