पंख्याच्या निपलची वंशावळ

साखर कारखान्यात बॉयलरच्या मागे आयडी फॅन असतो. भट्टीतला धूर खेचून चिमणीत सोडणं हे त्याचं काम. गाळप सुरू झालं की तो महिनोन्‌महिने फिरत राहतो. तो थांबला तर बॉयलर थांबतो, वाफ थांबते, आणि गव्हाणीपर्यंत आलेला ऊस तसाच वाळत पडतो. एवढ्या अवजड फॅनचा शाफ्ट दोन प्लमर ब्लॉकवर, म्हणजे बेअरिंगच्या घरांवर, तोललेला असतो. त्यांच्या माथ्यावर बोटाच्या पेराएवढं निपल बसवलेलं दिसतं, ग्रीस गन लावायचं. येणारे-जाणारे त्याच्याकडे बघतही नाहीत. पण त्या निपलपर्यंत पोहोचायला माणसाला काही शतकं लागली, आणि तिथून आत जाणारं ग्रीस किती असावं, हा प्रश्न आजही शिफ्टगणिक नव्याने सोडवावा लागतो.

कारखानी पंख्याचा मूळपुरुष खाणीत सापडतो. 1556 मध्ये छापल्या गेलेल्या आग्रिकोलाच्या खाणकामावरच्या ग्रंथात खाणीत हवा ढकलणाऱ्या लाकडी पंख्यांची चित्रं आहेत. कुठे माणूस दांडा फिरवतोय, कुठे पाणचक्की. अशा संथ फिरणाऱ्या आसाला चरबी किंवा तेल फासलं की भागत असे. आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचं वंगण घालत, तेही याच जातीचं काम. वेग कमी, भार बेताचा, आणि कुरकुर ऐकू आली की गाडी थांबवून वंगण घालायला सवड.

एकोणिसाव्या शतकात ही सवड संपली. बेल्जियमच्या गिबालने 1860च्या सुमारास कोळशाच्या खाणींसाठी आणलेले पंखे नऊ-दहा मीटर व्यासाचे असत. वाफेच्या इंजिनावर ते रात्रंदिवस चालत. पंखा थांबला की खाणीत स्फोटक वायू साठायचा, म्हणजे बेअरिंग तापलं तर खालच्या माणसांच्या जिवाशी गाठ. तेलाचा डबा हातात घेऊन फेऱ्या मारणारा ऑईलमन त्या काळात मोठ्या जबाबदारीचा माणूस होता. अमेरिकेत एलायजा मॅकॉय या कृष्णवर्णीय इंजिनिअरने 1872 मध्ये वाफेच्या इंजिनाला चालता चालता तेल पुरवणाऱ्या साधनाचं पेटंट घेतलं. यंत्र थांबवून तेल घालण्याचे दिवस तिथून सरायला लागले.

तरीही आत गेल्यावर तेल नेमकं काय करतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. ते कळलं एका भोकामुळे. बीचम टॉवर नावाचा इंग्रज इंजिनिअर रेल्वेच्या आसांचं घर्षण मोजत होता. त्याचे निष्कर्ष 1883 मध्ये प्रसिद्ध झाले. शाफ्ट खालून तेलात बुडालेला आणि वरून पितळी बेअरिंगने दाबलेला, अशी त्याची मांडणी होती. वरून तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडलं. झालं उलटंच. शाफ्ट फिरायला लागला तसं त्या भोकातून तेल वर येऊन सांडू लागलं. त्याने लाकडी खुंटी ठोकून भोक बंद केलं, तर तेलाने खुंटीच बाहेर ढकलली. मग तिथे दाबमापक लावला. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला 100 पौंडांच्या आसपास होता, पण काटा 200च्याही पलीकडे गेला. फिरणारा शाफ्ट तेलाला स्वतःच्या आणि बेअरिंगच्या मध्ये खेचून घेत होता आणि त्या तेलावर अक्षरशः तरंगत होता. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने 1886 मध्ये याचं गणित मांडलं. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत प्रिय आहे ती टॉवरची ही खुंटी. वंगण कोणत्या जागी द्यायचं याला किती महत्त्व आहे, हे तिने दाखवून दिलं. जिथे दाब सर्वांत जास्त, तिथेच आपण वरून तेल ओतायला बघत होतो.

पुढे पंखा लहान झाला आणि वेगवान झाला. यात आपल्या देशाचाही धागा आहे. बेलफास्टचा सॅम्युएल डेव्हिडसन तरुणपणी काछाडच्या चहाच्या मळ्यांत होता. चहा वाळवण्यासाठी गरम हवेची यंत्रं करता करता तो पंख्यांकडे वळला, आणि 1898 मध्ये पुढे वळलेल्या अनेक आखूड पात्यांच्या ‘सिरोको’ पंख्याचं पेटंट त्याने मिळवलं. त्याच सुमारास विजेची मोटर कारखान्यांत शिरत होती. तिच्या बेअरिंगमध्ये शाफ्टवर एक सैल कडं लोंबकळत असे. शाफ्टबरोबर तेही फिरे आणि खालच्या साठ्यातलं तेल वर आणी.

पण शाफ्ट सरळ रेषेत असेल, तरच हे सगळं नीट चालतं. गोथेनबर्गच्या एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट हा इंजिनिअर याच दुखण्याने त्रासला होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. इमारत खचायची, लांबलचक शाफ्टची रेषा बिघडायची आणि बेअरिंग तापून जायचं. 1907 मध्ये त्याने आतल्या आत थोडं कलू शकणारं, गोळ्यांच्या दोन ओळींचं बेअरिंग काढलं. त्यातूनच एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. 1919 मध्ये तिथल्याच आर्विड पाल्मग्रेनने गोळ्यांच्या जागी पिंपाच्या आकाराचे रोलर घातले. आज आयडी फॅनचा प्लमर ब्लॉक उघडला तर बहुधा याच घराण्यातलं बेअरिंग हाताला लागतं. बाहेरच्या रिंगवर मधोमध एक खाच आणि तिच्यात भोकं. निपलमधून गेलेलं ग्रीस त्या वाटेने थेट रोलरच्या दोन ओळींच्या मध्ये उतरतं.

निपल स्वतः शिकागोचं. आर्थर गुलबोर्ग हा तरुण वडिलांच्या कास्टिंगच्या कारखान्यात यंत्रांना तेल-ग्रीस घालण्याच्या कटकटीला कंटाळला होता. पहिल्या महायुद्धाच्या आसपास त्याने दाबाने ग्रीस भरणारी गन आणि तिला जोडायचं टोक तयार केलं. 1920च्या दशकात ऑस्कर झेर्कने ते टोक अधिक सुटसुटीत केलं. आत स्प्रिंगवर टेकलेली बारीक गोळी ग्रीसच्या दाबाने मागे सरते, दाब गेला की भोक बंद करते आणि धूळ बाहेरच राहते. ग्रीसचीही पिढी बदलली. कॅल्शियमच्या साबणाचं ग्रीस उष्णतेला टिकत नसे, सोडियमचं पाण्याने धुऊन जाई. क्लॅरेन्स अर्लने 1942 मध्ये लिथियम ग्रीसचं पेटंट मिळवलं आणि दोन्ही दुखण्यांवर एकच डबा पुरू लागला.

इथे वंगण कमी पडण्याची जुनी भीती मिटली, आणि मला वाटतं नेमकी इथेच नवी चूक जन्माला आली. गन हातात आली की फिटर सीलमधून ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबत राहतो. खरं तर हिशेब सोपा आहे. बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, आणि त्याला 0.005 ने गुणायचं. उत्तर ग्रॅममध्ये येतं. फॅनमधल्या 22220 बेअरिंगला 180 गुणिले 46, म्हणजे सुमारे 41 ग्रॅम. मोटरच्या 6312 ला 130 गुणिले 31, म्हणजे 20 ग्रॅम. आपली गन एका दाबाला किती ग्रॅम सोडते, हे दहा दाब कागदावर काढून तराजूवर तोलल्याखेरीज कळत नाही, कारण प्रत्येक गनचं माप वेगळं. जादा ग्रीस रोलर घुसळत राहतात, बेअरिंग तापतं, आणि ते तापलंय म्हणून पुन्हा ग्रीस मारलं जातं. 70 अंश सेल्सिअसच्या वर दर 15 अंशांना ग्रीसची मुदत निम्मी होते, हे लक्षात घेतलं तर या फेऱ्याचा शेवट कुठे होतो ते उघड आहे. मोटरचं प्रकरण आणखी नाजूक. खालचा ड्रेन प्लग न काढता गन मारली तर ग्रीस वाट काढत वाइंडिंगपर्यंत जातं. शिवाय बऱ्याच मोटरमध्ये कारखान्यातून पॉलियुरिया ग्रीस भरून येतं. त्यात फॅनचंच लिथियम ग्रीस मिसळलं की अनेकदा दोन्ही पातळ होऊन वाहून जातात. म्हणून फॅनची गन आणि मोटरची गन वेगळी ठेवावी, दोन्हींवर रंगाने खूण करावी.

आता फॅनचा वेग व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, कमी-जास्त करतात. वीज वाचते, पण मोटरच्या शाफ्टवर विद्युतदाब साठतो आणि बेअरिंगमधून ठिणगी होऊन जमिनीत उतरतो. रिंगवर धुण्याच्या फळीसारख्या आडव्या रेघा उमटतात, ग्रीस काळं पडतं. हे दुखणं ग्रीसने बरं होत नाही. त्याला इन्सुलेटेड बेअरिंग किंवा शाफ्टला अर्थिंगचा ब्रश लागतो.

जुने फिटर स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगला आणि मूठ कानाला लावून बेअरिंग ऐकत. आता तेच काम अल्ट्रासाउंडच्या यंत्रावर होतं. फॅन चालू ठेवून, एकेक दाब देत आकड्याकडे बघत राहायचं. ग्रीस हवं असेल तर आकडा उतरत जातो. तो पुन्हा चढायला लागला की गन काढून घ्यायची, आणि तारीख व ग्रॅम रजिस्टरमध्ये लिहायचे.