रात्री पायांची शिवशिव: उत्तेजक औषधे उपयोगी पडतील का?

दिवसभर ठणठणीत असलेले पाय रात्री अंथरुणाला पाठ टेकली की शिवशिवू लागतात. चार पावले चालले की बरे वाटते. आडवे झाले की पुन्हा तेच. हा ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’. इंग्लंडच्या डॉ. थॉमस विलिस यांनी १६७२ मध्येच अशा त्रासाचे वर्णन केले होते. स्वीडनच्या डॉ. एकबोम यांनी १९४५ मध्ये त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला.

१९५३ मध्ये स्वीडनमध्येच डॉ. नॉर्डलँडर यांना शिरेतून लोह दिल्यावर रुग्णांना आराम पडलेला दिसला. पुढे १९८२ मध्ये तुर्कस्तानचे डॉ. अकपिनार यांनी लेव्होडोपाचा गुण नोंदवला. शरीरात या औषधाचे डोपामिन बनते. हे द्रव्य आपल्या खाजकुइलीच्या बियांतही असते. पार्किन्सन्सच्या रुग्णांना त्या बियांचे चूर्ण देऊन केलेला अभ्यास डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला होता.

मग प्रश्न येतो: एकाग्रतेसाठी दिली जाणारी मिथाइलफेनिडेटसारखी उत्तेजक औषधेही डोपामिनचा प्रभाव वाढवतात, ती का नकोत? कारण ती मेंदूला जागेही ठेवतात. हा आजार मुळात झोपेवर उठलेला! शिवाय या आजारासाठी त्यांच्या उपयोगाला मोठ्या चाचण्यांचा आधार नाही. अतिचंचलतेसाठी (एडीएचडी) ती आधीच चालू असतील, तर मात्र स्वतःहून बंद करू नका. वेळ व मात्रा डॉक्टरांशी बोलून ठरवा.

इतिहासाचा धडाही लक्षात ठेवावा. लेव्होडोपाने सुरुवातीला छान आराम पडे. पण १९९६ मध्ये अमेरिकेतील डॉ. अ‍ॅलन आणि डॉ. अर्ली यांनी दाखवून दिले, की बऱ्याच रुग्णांत काही काळाने त्रास उलट वाढतो: रात्रीची शिवशिव दुपारीच सुरू होते, कधी हातांपर्यंत पोहोचते. म्हणून डोपामिन वाढवणारी औषधे आज पहिली निवड राहिलेली नाहीत. खाजकुइलीचे चूर्णही मनाने घेऊ नये.

मेंदूला डोपामिन बनवायला लोह लागते. त्यामुळे आधी रक्तातील फेरिटिन तपासा. हिमोग्लोबिन चांगले असूनही फेरिटिन कमी असू शकते. या आजारात ते ७५ पर्यंत किंवा त्याखाली असेल, तरी लोह देण्याचा विचार होतो. सर्दीच्या, उलटीच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनीही हा त्रास वाढतो, म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. सत्तर वर्षांपूर्वी सापडलेले लोहच आजही उपचाराची पहिली पायरी आहे.