कळसूबाई शिखर : नवख्यांसाठी माहिती

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. ते अकोले (अहिल्यानगर) व इगतपुरी (नाशिक) तालुक्यांच्या सीमेवर आहे. माथ्यावर कळसूबाई देवीचे छोटे मंदिर असून नवरात्रात तेथे जत्रा भरते.

मार्ग : अथालहून सिल्वासा, खानवेल, जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वरमार्गे घोटी गाठावे. घोटी-भंडारदरा रस्त्यावर बारी हे पायथ्याचे गाव लागते. आदल्या रात्री बारी किंवा भंडारदऱ्याला मुक्काम केलेला बरा.

चढाई : दोर लागत नाही. उभ्या कातळांवर लोखंडी शिड्या आहेत. सवय नसलेल्यांना चढायला तीन ते चार तास लागतात. माथ्यावरून अलंग, मदन, कुलंग हे किल्ले आणि भंडारदऱ्याचे पाणी दिसते.

काळजी : खरी परीक्षा उतरताना होते. गुडघे थकलेले असतात आणि शिडीवर पाय घसरतो. म्हणून पहाटे निघावे, परतण्याची वेळ आधीच ठरवावी आणि ती झाली की माथा जवळ दिसत असला तरी मागे फिरावे. माणशी तीन लिटर पाणी घ्यावे. वाटेतल्या दुकानांवर विसंबू नये. शिडीवर मुलांच्या खाली एक मोठा माणूस असावा. विजा चमकत असतील तर चढू नये. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.