सोनेगावची मध्यरात्र

जानेवारी १९५०. सांगलीच्या गणपती पेठेत हळदीच्या एका पेढीवर तुम्ही दिवाणजी आहात. काळी टोपी, काळा कोट, आणि बोटांना चढलेला पिवळा रंग, जो अंघोळीनंतरही जात नाही. संस्थान विलीन होऊन दोन वर्षंही झालेली नाहीत. जिल्ह्याचं नाव सध्या दक्षिण सातारा आहे. सकाळी तुम्ही हरिपूरला जाऊन आलात. संगमाजवळच्या या गावात जमिनीच्या पोटात पेवं आहेत, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस. हमालानं एका पेवाचं तोंड उघडलं, बराच वेळ आत वारं खेळू दिलं, मग कंदील खाली सोडला. तो विझला नाही, तेव्हाच माणूस उतरला. हळद कोरडी, टणक, रंगाला उत्तम निघाली.

आता कलकत्त्याच्या आडत्याला भाव कळवायचा आहे. तार महाग, आणि तारेच्या चार शब्दांत मालाचं वर्णन मावत नाही. तुम्ही पोस्टकार्ड ओढता, टाक बुडवता, वरती ‘श्री’ घालता आणि लिहिता. संध्याकाळी कार्ड पेटीत पडतं. त्यावर जास्तीचं तिकीट नाही, विमानाची निळी चिठ्ठी नाही. तरीही हे कार्ड विमानानं जाणार आहे. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांच्या खात्यानं एप्रिल १९४९ पासून तसा नियमच केला आहे: विमानानं लवकर पोचत असेल तर देशातलं साधं टपालही विमानानं जाईल, जादा पैसे न घेता.

आता पेढी सोडा आणि कार्डाबरोबर चला.

मिरजेला थैली मीटरगेजच्या गाडीत चढते. रेल्वे टपालाच्या डब्यात रात्रभर दिवा जळत असतो. सॉर्टर उभ्यानं, गाडीच्या हेलकाव्यांत तोल सांभाळत, पत्रं खणाखणांत टाकत राहतो. पुण्याला गाडी बदलते, दुसऱ्या दिवशी मुंबई येते. आणि रात्री तुम्ही सांताक्रूझच्या विमानतळावर एका डाकोटाच्या दारात उभे असता.

हा तळ इंग्रजांच्या हवाई दलानं वापरलेला. हे विमानही बहुधा युद्धातलंच. लढाई संपल्यावर अमेरिकन आणि ब्रिटिश सैन्यानं मागे सोडलेली डाकोटा विमानं स्वस्तात विकली गेली, त्यातली कित्येक बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात दुरुस्त होऊन नागरी कंपन्यांकडे आली. शेपटीखाली लहान चाक असल्यानं डाकोटा जमिनीवर नाक वर करून बसतं. आत शिरलात की चढ लागतो. हमाल थैल्या खांद्यावर घेऊन तो चढ चढतात. दोन्ही इंजिनं सुरू होतात, आधी धूर, मग असा आवाज की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. मग सह्याद्री ओलांडून सुमारे सातशे किलोमीटर पूर्वेला. खाली खानदेश आणि वऱ्हाड अंधारात झोपलेले.

नागपूर जवळ येतं. उतरण्याआधी मात्र दोन वेळा मागे जाऊन या. ही जमीन काय होती हे पाहिल्याशिवाय आजची रात्र कळणार नाही.

१९१८. पहिलं महायुद्ध अजून संपलेलं नाही. सोनेगाव हे नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रस्त्यालगतचं गाव. जवळ भोसल्यांच्या काळातला तलाव. या गावाशेजारी लष्करानं विमानं उतरवायला मैदान आखलं आहे, आधी रॉयल फ्लाइंग कोअरसाठी. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून त्या दलाचं नाव रॉयल एअर फोर्स झालं. विमान म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि वर ताणलेलं कापड. तुम्ही सोनेगावचे शेतकरी असाल तर हे मैदान तुमच्यासाठी नाही, त्याच्या कडेनं जायचं आणि लांबून पाहायचं.

१९४३. दुसरं युद्ध. जुन्या इमारती डागडुजी करून पुन्हा वापरात आल्या आहेत. ब्रह्मदेश जपान्यांच्या हातात आहे. विमानांनी वाटेत थांबावं, इंधन भरावं आणि पुढे निघावं, असा हा टप्प्याचा तळ आहे. नागपूर देशाच्या मधोमध असल्याचा लाभ लष्करानं आधी ओळखला. ज्यांच्या गावाच्या नावावर तळ उभा होता, त्यांना त्या मध्यावर असण्यातून काहीही मिळत नव्हतं.

इंग्रज गेले, तळ भारत सरकारकडे आला. पण सरकारचा झाला म्हणून तो लोकांचा झाला, असं मला वाटत नाही. तो लोकांचा झाला जानेवारी १९४९ मध्ये, रात्रीची टपालसेवा सुरू झाली तेव्हा. मध्ये काही महिने ती थांबली आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात हिमालयन एव्हिएशन या कंपनीनं ती पुन्हा उभी केली. तुम्ही तिच्याच विमानात आहात.

चाकं टेकतात. दार उघडतं आणि विदर्भातल्या जानेवारीची थंडी एकदम अंगावर येते. घड्याळात मध्यरात्र उलटून गेली आहे.

फरसबंदीवर उभे राहा आणि आकाशाकडे कान लावा. उत्तरेकडून एक घरघर येते, ते दिल्लीचं. दक्षिणेकडून मद्रासचं. पूर्वेकडून कलकत्त्याचं. थोड्या वेळात चार डाकोटा शेजारी शेजारी उभी राहतात आणि चारही दारांतून थैल्या पडू लागतात. हिशेब सोपा आहे, पण डोळ्यांसमोर होताना छातीत धडधडतं. प्रत्येक विमानानं आपल्या बाजूचं टपाल आणलं आहे, उरलेल्या तीन शहरांसाठी तीन ढीग. चार त्रिक बारा. हे बारा ढीग एकमेकांना आडवे जातात, दुसऱ्या विमानांत चढतात, आणि प्रत्येक विमान जिथून आलं तिथेच पहाटेपर्यंत परततं. मुंबईचं विमान मुंबईला, पण पोटात आता दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची पत्रं.

हमालांचे हात पाहा. किनतानाची थैली, गळ्याशी सुतळी, तिला अडकवलेली चिठ्ठी आणि वर मोहर. कारकून कंदील वर धरतो, चिठ्ठी वाचतो, यादीवर खूण करतो, मगच थैली हलते. एक चिठ्ठी चुकली तर कलकत्त्याचा भाव मद्रासला जाईल आणि दोन दिवस फुकट. एक विमान धुक्यानं अडलं तर बाकीच्या तिघांनाही त्याच्या टपालाची वाट पाहावी लागणार. म्हणून सगळ्यांच्या नजरा सतत आभाळाकडे.

त्या ढिगांत काय काय असेल! खडगपूरच्या रेल्वे कारखान्यातल्या फिटरनं घरी पाठवलेली मनीऑर्डर. दिल्लीच्या कचेरीतलं नेमणुकीचं पत्र. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या बायकोची खुशाली. आणि त्यात तुमचं कार्ड, एका बाजूला पिवळा अंगठा उमटलेलं. ही माणसं विमानात कधी बसणार नाहीत. पण त्यांचा मजकूर आज रात्री सोनेगावात आहे, आणि त्यासाठी धावपट्टीवर दिवे लागले आहेत. बत्तीस वर्षं ज्या जमिनीभोवतीनं लोक वळसा घालून जात होते, तिथे आता सगळ्या देशाची घरं रोज रात्री तासा-दोन तासांसाठी एकत्र येतात. टपालखात्यानं आणि वैमानिकांनी स्वातंत्र्यानंतर केलेल्या कामांत याला फार वरचं स्थान आहे असं मी मानतो.

कामाला किंमत होती, हेही पाहून घ्या. १२ डिसेंबर १९५३. विमान कंपन्यांचं ऑगस्टमध्ये राष्ट्रीयीकरण झालं आहे, डाकोटा आता इंडियन एअरलाइन्सची. रात्रीच्या या फेऱ्यांत टपालाबरोबर प्रवासीही जातात. नागपूरहून पहाटेच्या अंधारात उडालेलं एक विमान काही क्षणांत कोसळतं. तेराजण जातात, त्यांत कामगार नेते हरिहरनाथ शास्त्री. वैमानिक तेवढा वाचतो. तरीही टपालसेवा चालूच राहते.

त्याच १९५३ मध्ये नवी इमारत उभी राहिली: उपाहारगृह, विश्रांतीच्या खोल्या, पुस्तकांचं दुकान, आणि विमानं पाहायला येणाऱ्यांसाठी गच्ची. ज्या तळाकडे लांबून पाहायचं, तिथे पाहायला बोलावणं आलं! नागपूरची पोरं आई-वडिलांचं बोट धरून त्या गच्चीवर उभी राहत असतील, हे चित्र मला फार आवडतं.

ऑक्टोबर १९७३ मध्ये रात्रीची सेवा थांबली. जवळपास पंचवीस वर्षं ती चालली, उन्हाळ्याच्या वावटळींत आणि आषाढाच्या पावसातही.

पुढची वर्षं भराभर पाहा. २००३ मध्ये हवाई दलाच्या वाहतूक विंगची प्रचंड ‘गजराज’ विमानं इथे आली. म्हणजे लष्कर इथून कायमचं गेलं नाही. २००५ मध्ये विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं, आणि १४ एप्रिल २००८ ला, त्यांच्या जयंतीदिवशी, नवं टर्मिनल सुरू झालं. दीक्षाभूमीच्या शहराला याहून योग्य नाव कोणतं असणार. शेजारी मिहानचा प्रकल्प आला, विमानदुरुस्तीचे कारखाने आले.

आता तुम्ही पुन्हा सांगलीत, आजच्या दिवशी. जिल्ह्याला विमानतळ हवा म्हणून सभा भरते, कवलापूरच्या जागेचं नाव पुन्हा निघतं. विमान पकडायला आपण अजून कोल्हापूरच्या उजळाईवाडीला नाहीतर पुण्याला जातो, तेव्हा मागणी रास्तच आहे. तुम्ही सभेत आहात, तर हात वर करा. मुंबईला किती वेळात पोचू, हे कुणीही विचारील. तुम्ही विचारा की मिरजेची द्राक्षं, तासगावचा बेदाणा आणि सांगलीची हळद रात्री किती वाजता उचलली जाईल, कुठे बदलेल, आणि पहाटे कोणत्या बाजारात उतरेल. आणि ज्याचा माल जाईल त्या शेतकऱ्याकडून जादा पैसे घेणार की नाही, हेही त्याच दमात विचारून घ्या.