‘जिस्ट’: एका गाठीच्या नावाचा इतिहास

पचनमार्गातील बहुतेक कर्करोग आतल्या अस्तरात सुरू होतात. काही थोड्या गाठी मात्र जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीत वाढतात. त्यांपैकी ‘जिस्ट’ या गाठीचा इतिहास आपण येथे पाहू.

सूक्ष्मदर्शकाखाली या गाठीतील पेशी बहुधा चरख्याच्या चातीसारख्या लांबट दिसतात. भिंतीतील स्नायूंच्या पेशीही तशाच दिसतात. म्हणून अनेक दशके तिला स्नायूची गाठ समजून ‘लायोमायोमा’ किंवा ‘लायोमायोसार्कोमा’ म्हटले गेले. शस्त्रक्रियेने न काढता येणाऱ्या गाठींना सार्कोमाची केमोथेरपी दिली जाई. ती क्वचितच लागू पडे.

१९८३ मध्ये मझुर आणि क्लार्क यांनी जठरातील अशा गाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक व प्रतिपिंडांच्या साहाय्याने पुन्हा तपासल्या. बहुतेकांत स्नायूची खात्रीची खूण सापडली नाही. त्यांनी ‘स्ट्रोमल ट्यूमर’ हे उगमाबद्दल काहीच न सांगणारे नाव वापरले. माहीत नाही ते माहीत नाही म्हणणे, हीच येथे प्रगती होती.

उत्तर १९९८ मध्ये मिळाले. जपानमधील सेइइची हिरोता व सहकाऱ्यांना या गाठींत ‘किट’ जनुकातील बदल आढळले. किट हे प्रथिन पेशीवरील बटणासारखे असते. बाहेरून संदेश आला की ते चालू होते. या बदलामुळे ते कायम चालूच राहते. हेच प्रथिन काहाल पेशींतही असते. आतड्याच्या हालचालींची लय ठरवणाऱ्या या पेशींशी गाठीचे नाते असे जुळले.

इमॅटिनिब हे रक्ताच्या कर्करोगासाठी तयार झालेले औषध किटलाही रोखते. मार्च २००० मध्ये हेलसिंकी येथे एका महिलेला ते दिले गेले आणि तिच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. २००२ मध्ये अमेरिकेने जिस्टसाठी त्याला मान्यता दिली. हे औषध सर्वांना लागू पडत नाही आणि कालांतराने गाठ त्याला दादही देईनाशी होते. तरी अनेकांना त्याने वर्षे मिळवून दिली.

या इतिहासाचे एक पान भारतातही आहे. याच औषधाच्या एका स्फटिकरूपाचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले. त्यामुळे भारतीय कंपन्यांचे स्वस्त इमॅटिनिब रुग्णांना मिळत राहिले.

विचार करा: केवळ दिसण्यावरून केलेले वर्गीकरण तुमच्या विषयात कोठे आढळते? ते चुकले तर किंमत कोण मोजतो?