मुलांची फी आणि आयकर : सवलत अब्बांना की अम्मीला?

दर मार्चला शाळेच्या ऑफिसात पालकांची रांग लागते. "फीच्या पावतीची दुसरी प्रत द्या, टॅक्ससाठी पाहिजे." बऱ्याचदा एकाच मुलासाठी सकाळी अब्बा येऊन जातात, दुपारी अम्मी. दोघेही नोकरीला, आणि दोघांनाही तीच पावती हवी असते. म्हणून नियम नीट समजून घेऊ.

आपल्या देशात नवरा-बायकोचा एकत्र रिटर्न नसतो. प्रत्येकाचा पॅन वेगळा, रिटर्न वेगळा. नुसते मूल आहे म्हणून करात सूट मिळत नाही. सूट मिळते ती खर्चावर, आणि ज्याने पैसे भरले त्यालाच.

फीची वजावट
१९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८०सी मध्ये पीएफ, विमा वगैरे धरून वर्षाला १.५ लाखापर्यंत वजावट मिळते. शाळा-कॉलेजची ट्यूशन फी त्यातच येते. देणगी, डेव्हलपमेंट फी, बसभाडे, खासगी क्लास यांत धरत नाहीत. मर्यादा एका पालकाला दोन मुलांची.

समजा, कोंढव्यातल्या एका जोडप्याला तीन मुले आहेत, प्रत्येकाची फी ४०,००० रुपये. तिन्ही फी नवऱ्याने भरल्या तर त्याला ८०,००० चीच वजावट. तिसऱ्याचे ४०,००० वाया. तीच फी बायकोने स्वतःच्या खात्यातून भरली तर तिला वजावट मिळते. एका मुलाची फी दोघांनी वाटून भरली तर ज्याचा त्याचा हिस्सा. मात्र तोच रुपया दोघांनी दाखवायचा नाही.

नवऱ्याचे १.५ लाख पीएफमध्येच भरत असतील, तर सगळा भार त्याच्यावर टाकून उपयोग नाही.

नवी की जुनी पद्धत?
२०२३-२४ पासून नवी करपद्धत आपोआप लागू होते. तिच्यात ८०सी नाही. फीची सवलत हवी असेल तर जुनी पद्धत निवडून मुदतीत रिटर्न भरावा लागतो. नवरा-बायको वेगवेगळी पद्धत निवडू शकतात. दोन्हीकडचा कर मोजूनच ठरवा.

मुलाच्या नावावरचे पैसे
अठरा वर्षांखालील मुलाच्या खात्यावरचे व्याज आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात धरतात. आपल्यातली काही घरे व्याज स्वतःसाठी वापरत नाहीत, बाजूला काढून देतात. तरी कराच्या हिशोबात ते उत्पन्नच. जुन्या पद्धतीत मुलामागे १,५०० रुपयांची सूट आहे. मुलाने स्वतःच्या कौशल्यावर किंवा मेहनतीवर कमावलेले पैसे मात्र पालकाच्या उत्पन्नात येत नाहीत.

तलाक झाला असेल तर
मुलाचे उत्पन्न त्या वर्षी जो पालक त्याला सांभाळतो, त्याच्या हिशोबात जाते. फीची वजावट इथेही भरणाऱ्यालाच. एकट्या आईने मुले वाढवताना स्वतः भरलेल्या फीची प्रत्येक पावती जपून ठेवावी. तो तिचा हक्क आहे.

लक्षात ठेवा
१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. शंका असेल तर सीएला विचारा.

आणि कोणाची फी कोण भरणार, हे जूनमध्येच घरात बसून ठरवा. मार्चमध्ये पावतीची प्रत मिळते, पण पैसे कोणाच्या खात्यातून गेले ते बदलत नाही.